गोदू हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल

आमच्या नातवाचा, प्रणयचा साखरपुडा झाला आणि नवरीकडच्यांना दाखवायला म्हणून नेलेला नवा कोरा ट्रेलर त्याने परतताना खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या चिखलात उतरवला, त्या वर्षाची ही गोष्ट. सरकारी हिशेबाने ते दोन हजार तेवीस साल. गावात मात्र ते ट्रेलरचं वर्ष म्हणूनच ओळखलं जातं, कारण ट्रेलर काढायला क्रेन आली आणि मग क्रेन काढायला दुसरी क्रेन आली.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे. तरुणपणी मी खाडीपलीकडे उरणच्या मिठागरांत मीठ ओढलं, ती बुजवून बंदर झालं तेव्हा बंदराच्या गेटवर नोकरी केली. अक्षरओळख झाली ती पन्नाशीनंतर. सूनबाई विनिताने मला मराठी वाचायला शिकवलं आणि इंग्रजी मी कंटेनरांवर वाचत शिकलो. त्यामुळे माझं इंग्रजी सगळं मोठ्या अक्षरांतलं आहे. लहान अक्षरं अजून मला नीट ओळख देत नाहीत.

माझी बायको गोदू धवलारीन. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधीचा मान धवलारिणीचा. मांडव घालताना, हळद लावताना, नवरा-नवरी उभी करताना, प्रत्येक कामाला ती गाणं लावते. त्याला धवला म्हणतात. धवलारीन एक ओळ म्हणते आणि मागच्या बाया ती उचलतात. ओळ उचलली गेली नाही तर पुढची ओळ म्हणायची नाही, असा नेम आहे. आणि लग्न नसताना धवला लावायचा नाही, हा दुसरा नेम.

या दुसऱ्या नेमामुळे गोदूची फार पंचाईत झाली होती. लोकांनी धवलारिणीला बोलावणंच बंद केलं. आता लग्न लॉनवर होतं, हळदीला डीजे येतो, आणि सगळं कोणी कधी करायचं हे कानात वायर घातलेला एक मुलगा सांगतो. दर लग्नसराईला गोदू आपलं हिरवं लुगडं धुऊन, घडी करून पेटीवर ठेवायची. सराई संपली की पुन्हा पेटीत घालायची. त्यात तिला दम लागायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, छाती कमजोर आहे, जपा. गोदू मला म्हणाली, "छाती पुरेल तवर एक मांडव मिळाला पायजे. मंग मना काय नको."

माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं. गोदूला एक मांडव मिळाला पाहिजे.

तशात मुंबईहून मांडव्याच्या बोटीने एक प्राध्यापक बाई आल्या. धवले रेकॉर्ड करायचे म्हणाल्या. गोदूने त्यांना चहा दिला, घावने दिले, स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली, पण गाणं म्हटलं नाही. "बाय गो, लगीन कोनाचं हाय? तुझं? तुझं झालंय. मंग कसा लावू?" बाईंनी रेकॉर्डिंगचं यंत्र परत पिशवीत घातलं. जाताना मात्र त्यांनी गोदूचे हात धरले आणि म्हणाल्या, "आजी, तुमचं काम हिस्टॉरिकल आहे."

माझी छाती पुढे आली. गावात आजवर इंग्रजी विशेषण एकालाही मिळालं नव्हतं. सरपंचाला मिळालं होतं, पण ते मराठीत होतं आणि चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मी ताबडतोब शेजारी भागोजीकडे गेलो. भागोजी रेवसच्या धक्क्यावर तिकिटं फाडायचा. जगातली सगळी माणसं आपल्यासमोरून गेली आहेत, तेव्हा आपल्याला सगळं ठाऊक आहे असं तो मानतो.

"हिस्टॉरिकल?" भागोजी म्हणाला. "चांगा, तुना फसवलाय. हिस्टॉरिक म्हनून दुसरा शब्द हाय. तो मोठा."

"अरे, हिस्टॉरिकल लांब आहे. लांब तो मोठा."

"लांब तर बोंबील पन असतो. म्हनून पापलेटाच्या वर गेला का?"

वाद मिटेना, म्हणून आम्ही कुलदीप सरांकडे गेलो. सर हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आहेत. निवृत्तीनंतर त्यांना कोणी इंग्रजी विचारलं नव्हतं. त्यांनी आम्हाला बसवलं, पंखा लावला, शर्ट घालून आले आणि मग बोलायला लागले.

"चांगदेवबाबा, जे जुन्या काळाचं आहे, इतिहासात मोडतं, ते हिस्टॉरिकल. तुमचं ते बुजवलेलं मिठागर हिस्टॉरिकल. आणि जे घडलं म्हणून सगळ्यांच्या कायमचं लक्षात राहिलं, ते हिस्टॉरिक. गावात पहिल्यांदा वीज आली तो दिवस हिस्टॉरिक. कोणी विसरलं का?"

"त्या दिशी मना शॉक बसलेला," भागोजी म्हणाला. "मी तर मुळीच नाय विसरलो."

"म्हणजे," मी विचारलं, "बाई माझ्या बायकोला जुनी म्हणाल्या? बुजवलेल्या मिठागरासारखी?"

सर घुटमळले. "जुन्या काळाशी संबंधित, असं म्हणू या. बाई पीएचडी आहेत. शब्द विचार करूनच वापरला असणार."

मी घरी आलो तो तोंड पाडून. गोदू ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी तिला दोन्ही शब्द समजावले. तिने सुकटीतला एक खडा काढून अंगणात टाकला.

"जुनी तर मी हायच," ती म्हणाली. "जुन्या कढईला पन कोनतरी मागायला येतं, आवो. मना मागायला कोन येत नाय, तेवढा सांगा तुमच्या मास्तराला."

आता मी हट्टाला पेटलो. समाजमंदिराच्या भिंतीवर गोदूच्या नावाची पाटी लावायची, इंग्रजीत, हिस्टॉरिक या शब्दासकट. लग्नाची बोलणी समाजमंदिरातच होतात. पाटी दिसेल, लोकांना आठवण होईल, कोणीतरी बोलावणं देईल. एवढा साधा बेत होता.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकणारा सरकारी माणूस भेटला की समजावं, काम होणार नाही.

"आजोबा, वस्तू जुनी असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी," ते म्हणाले. "महत्त्वाची असेल तर सांस्कृतिक खात्याची. तुमची कुठली?"

"वस्तू नाही. बायको आहे."

"तेच. जुनी की महत्त्वाची?"

असा प्रश्न नवऱ्याला चारचौघांत विचारू नये. बाकावर दाखल्यासाठी बसलेल्या बायका माझ्या उत्तराची वाट बघू लागल्या. मी म्हणालो, "महत्त्वाची." तर ते म्हणाले, "मग पुरावा लागेल. गाण्याचं रेकॉर्डिंग आणा." मी म्हणालो, लग्न असल्याशिवाय ती गात नाही. ते म्हणाले, मग लग्न करा. बाकावरच्या बायका हसल्या. या वयात आम्हाला पुन्हा लग्न करायची सूचना सरकारकडून आली, हे मी घरी सांगितलं नाही.

भागोजीचा सल्ला निराळा होता. "भिंतीचा नाद सोड. फ्लेक्स लाव. नाक्यावर पोरांच्या वाढदिवसाचे लागतात, त्यांना कोनतं खातं इचारतं?"

मला ते पटलं. मी रेवसहून तरीने, खाडी ओलांडणाऱ्या होडीने, करंजाला आणि तिथून उरणला गेलो. फ्लेक्सच्या दुकानात शुभम नावाचा मुलगा होता. मी त्याला सगळं नीट सांगितलं. शब्द हिस्टॉरिक, मोठ्या अक्षरांत. लग्नाचं काम आहे, तेव्हा दोन बाजूंना समया आणि कडेने झेंडूची माळ. खाली मराठी ओळ कुलदीप सरांनी जुळवून दिली होती. हिस्टॉरिकचा अर्थ कुठेही पातळ होऊ नये म्हणून सरांनी बराच विचार करून लिहिलं होतं, "सदैव स्मरणात राहणारी धवलारीन, सौ. गोदावरी चांगदेव गावंड."

"हिस्टॉरिक म्हणजे काका, फोटो ब्लॅक अँड व्हाइटच पाहिजे," शुभम म्हणाला. "एकदम भारी वाटेल."

भारी वाटला, हे मीही कबूल करतो. मी आणि भागोजीने तो संध्याकाळी रिक्षा स्टँडजवळ दोन बांबूंना बांधला. भागोजीने गाठ मारली ती नेमकी "सौ." या अक्षरावर आली. आम्ही लांब जाऊन बघितलं. गोदू समयांच्या मधून, झेंडूच्या माळेतून, काळी-पांढरी होऊन शांतपणे रस्त्याकडे बघत होती. माझे डोळे भरून आले. तेव्हाही मला शंका आली नाही.

आमच्याकडे फ्लेक्स दोनच प्रकारचे असतात. रंगीत असला, गॉगल असला, की वाढदिवस. काळा-पांढरा असला की माणूस गेलं. लोक अक्षरं वाचतच नाहीत. वाचायला शिकण्यासाठी मी एवढी वर्षं घालवली आणि नेमकं हेच विसरलो.

सकाळी गोदू ओटीवर बसली होती. रस्त्याच्या वळणावरूनच रडण्याचा आवाज आला. खालच्या आळीतली रंगू पदर तोंडाला लावून, मोठ्याने गळा काढत येत होती. गोदू लगबगीने उठली आणि अंगणात गेली.

"कोन गेला गो, रंगू?"

रंगूने वर बघितलं आणि ती होती तिथेच चिखलात बसली.

तिच्यामागून माणसांची रीघ लागली. कोणी हार आणला, कोणी उदबत्त्या. कोणी माझ्या गळ्यात पडून, "चांगदेवा, धीर धर," म्हणून रडलं आणि खांद्यावरून पलीकडे गोदू चहा गाळताना दिसली तशी गप्प झालं. आलेली माणसं परत कशी पाठवायची? विनिताने पातेल्यात आणखी दूध घातलं. मेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटत नाही, इथे मेलेलं माणूसच चूल पेटवून बसलं होतं. हार आणलेल्यांना ते कुठे ठेवावेत कळेना. शेवटी भागोजीने सगळे गोळा करून प्रणयच्या ट्रेलरला घातले.

दुपारच्या तरीने तुळशी आली. ही खाडीपलीकडची. जवान होती तेव्हापासून गोदूच्या मागे उभी राहून ओळ उचलायची. आता तिला ऐकू येत नाही. नाक्यावरच लोकांनी तिला ओरडून सांगितलं होतं, "आजी, गोदू जित्ती हाय!" तिने मान हलवली आणि रडत रडत घरी आली. आल्या आल्या गोदूच्याच गळ्यात पडली आणि गोदू कशी होती ते गोदूलाच सांगत राहिली. "अशी धवलारीन परत नाय व्हायची गो बाय! मना टाकून गेली गो!" गोदू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "उगी, उगी. बारीक दुखनं होतं. हाल नाय झाले." एवढं बोलताना मात्र गोदूही रडायला लागली. तुळशीने मग तोंड वर करून तिला नीट बघितलं आणि एक सणसणीत चापट मारली.

सगळे हसले आणि मग ते हसू ओसरलं. माणसं चहा पीत बोलायला लागली. एकजण म्हणाला, "गोदूआत्या, माझ्या लग्नात धवला तूच लावलेला. भटजीपन ऐकत उभा राहिलेला." दुसरी म्हणाली, "माझ्या हळदीला तुझा आवाज पार खाडीवर गेलेला." मग प्रत्येकजण आपापल्या लग्नाचं सांगायला लागला. खरं म्हणजे हे सगळं मेल्यावर बोलायचं असतं आणि ते बोलायची तयारी करूनच माणसं आली होती. फुकट कशाला जाऊ द्यायची?

गोदू कपबश्या गोळा करत ऐकत होती. मग म्हणाली, "व्हय रे, तुमच्या सगल्यांच्या लग्नात मीच होते. मंग तुमच्या पोरांच्या लग्नात का नाय बोलावलात? मी कुटं गेलेली?"

ती रागावून बोलली नाही. खरंच विचारत होती. माणसं एकेक करून चपला शोधू लागली.

आमचा मुलगा दिपेश, प्रणयचा बाप, दाराशी उभा होता. तो बंदरात यार्डात सुपरवायझर आहे. प्रणयच्या हळदीला त्याने डीजे ठरवला होता. बँजोवालाही ठरवला होता, धूर सोडणारं यंत्र ठरवलं होतं. आईचं त्याच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही, हे इथे लिहून ठेवतो. मी पाटीच्या, परवानगीच्या मागे खाडीपार फिरत होतो आणि घरातलं लग्न तेवढं मला दिसलं नाही. आपल्या घरच्या लग्नाला आईला बोलवायचं असतं का, आई तर असतेच, असं आम्ही बापलेक धरून चाललो होतो.

"आई," दिपेश खाली बघून म्हणाला, "प्रणयची हळद तू लाव."

"बोलावनं असं उंबऱ्यात उभा राहून देतात?" गोदू म्हणाली. "नारळ-सुपारी घेऊन ये. भायेरून ये."

दिपेश आणि विनिता मागच्या दाराने बाहेर पडले, भागोजीच्या वाडीला वळसा घालून, तबकात नारळ-सुपारी घेऊन पुढच्या अंगणात आले आणि अनोळखी पाहुण्यांसारखे उभे राहिले. गोदूने त्यांना पाणी दिलं, पाट दिला, कुठून आलात विचारलं. मग नारळ घेतला.

हळद डिसेंबरात झाली. प्राध्यापक बाईंना कळवलं होतं, त्या आपलं यंत्र घेऊन आल्या. मांडवात गोदू हिरव्या लुगड्यात उभी राहिली, मागे तुळशी. डीजेवाल्याला दिपेशने बंद करायला सांगितलं. जनरेटर मात्र बंद करता येईना, कारण दिवे त्यावरच होते.

गोदूने ओळ लावली. "हळद आली गो, खाडीचे वाटेनं..."

आवाज लहान झाला होता, पण वाट तीच होती. तुळशीने ओठ बघून ओळ उचलली. दुसरी ओळ झाली, तुळशीने पुन्हा पहिलीच उचलली. पोरी फोन वर धरून उभ्या होत्या. चित्र सगळ्या घेत होत्या, ओळ एकीलाही येत नव्हती. गोदूने दुसरी ओळ पुन्हा म्हटली आणि थांबली. तुळशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ओळ उचलल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि धवला पुरा झाल्याशिवाय हळद लावायची नाही. प्रणय उघड्या अंगाने पाटावर बसून डास मारत होता. गोदूचा हात मांडवाच्या खांबावर गेला. तिला दम लागला होता, आणि ती वाट बघत होती.

आमच्यात पुरुष धवला म्हणत नाहीत. ऐकलं तर ऐकायचं, नाहीतर बाहेर विडी ओढायची. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि दुसरी ओळ उचलली.

मांडव हसला. मुलीकडचे हसले, सगळ्यांत मोठ्याने भागोजी हसला. माझा आवाज गेटवर ट्रक थांबवण्याच्या कामाचा आहे. पण गोदूने मान वळवली नाही. तिने तिसरी ओळ लावली. मी ती उचलली. तुळशीने माझ्या पोटाची हालचाल बघून ताल धरला. पुढे कधीतरी बाजूने आणखी एक आवाज यायला लागला, तो भागोजीचा होता, आणि हसायचं थांबलं होतं. मग विनिताने उचलली. नंतर नंतर गोदू अर्धीच ओळ म्हणायची आणि उरलेली आम्ही ओढून न्यायचो. ऐकून ऐकून आम्हाला सगळं येत होतं, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. शेवटच्या ओळीला तिचे नुसते ओठ हलले. मग तिने हात पुढे केला आणि प्रणयच्या गालाला हळद लावली.

जेवणाच्या पंगतीत कुलदीप सर आणि प्राध्यापक बाई शेजारी बसले होते. मटणाच्या ताटावर त्यांचा वाद रंगला. सर म्हणत होते, आजची हळद हिस्टॉरिक. बाई म्हणत होत्या, प्रसंग हिस्टॉरिक म्हणा, पण धवला हिस्टॉरिकलच, जुन्या परंपरेला तोच शब्द बरोबर. दोघांचंही मला पटत होतं. मी विचारलं, "आणि बाई, गोदू?" बाईंनी खुर्चीवर मान टाकून झोपलेल्या गोदूकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांना आधी आत नेऊन निजवा, बाबा."

फेब्रुवारी लागला तेव्हा खाडीपलीकडून एक जोडपं आमच्या घरी आलं. फोनवर फिरत फिरत ती हळद त्यांच्यापर्यंत गेली होती. मुलीचं लग्न उन्हाळ्यात होतं. त्यांनी रीतसर तबक पुढे केलं. गोदू अंथरुणातून उठून बसली, डोक्यावर पदर घेतला, घर कुठलं, कुळ कुठलं, मांडव किती वाजता, सगळं विचारलं. मग दोन्ही हातांनी नारळ घेतला. ते गेल्यावर मला म्हणाली, "तुळशीला सांगावा धाडा. आन तुमी पन चला. तिसरी ओळ तुमी लय खालून उचलता, ती सुधरा." रोज संध्याकाळी ती मला ती ओळ म्हणायला लावायची. स्वतः म्हणायची नाही, नेम होता. मी चुकलो की नुसतं बोट हलवायची.

गोदावरी चांगदेव गावंड, माझी बायको, दोन हजार चोवीस साली, सतरा फेब्रुवारीला, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी घरीच वारली.